नंबर तीनच राहील

२ मार्च, सोमवार. सकाळी ७.४०

आजपासून रोजनिशी. आपल्या कामाची नोंद आपणच ठेवलेली बरी, मागाहून लोक काहीही लिहितात.

बुधवारी 'लाट'ची नवी आवृत्ती काढणार. ३.९. अकरा वर्षांपूर्वी मी 'लाट' लिहिली. समुद्राचं पाणी कधी चढणार आणि कधी उतरणार एवढंच ती काढते. स्वतः काही दाखवत नाही. दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तिला विचारतात, ती सांगते. अशा वस्तूला लायब्ररी म्हणतात, म्हणून शेजारच्या काकूंनी एकदा माझ्याकडे मासिकं मागितली होती. फुकट आहे, खुली आहे, कोणीही न्यावी. रोज २८८ वेळा डाउनलोड होते. परवा २८८, काल २८८. एकही कमी नाही. याला म्हणतात निष्ठा.

संकल्प: रोज लिहायचं. मेल आल्या दिवशी वाचायचे. गोगलगायीला घाबरायचं नाही.

३ मार्च, मंगळवार

गोगलगाय म्हणजे पॅकेजिंगवाल्या बाई. माझ्यासारख्यांच्या लायब्रऱ्या घेऊन, तपासून, नीट बांधून जगभरच्या कंप्युटरांना पोचवतात. तेही फुकट. तोंड कधी पाहिलेलं नाही. फोटोच्या जागी गोगलगाय आहे. तीन वर्षांपूर्वी मला फार बोलल्या होत्या.

त्यांचं म्हणणं असं: नावापुढचा मोठा नंबर म्हणजे वचन. लाट तीनवर बांधलेला प्रोग्रॅम कुठल्याही लाट तीनवर चालला पाहिजे. आतली मांडणी बदलली की नंबर चार करायचा. मग जुने प्रोग्रॅम जुनी तीन धरून बसतात, नवे चार घेतात, कोणाचंच बिघडत नाही.

ऐकायला ठीक आहे. पण अकरा वर्षं मी तीनवर उभा आहे. नंबर बदलायचा म्हणजे आधीचं चुकलं होतं असं चारचौघांत सांगायचं. शिवाय बदल किरकोळ आहे. उत्तराच्या कप्प्यांत एक नवा कप्पा घातला, एवढंच. मधे घातला कारण तिथे तो शोभतो. नंबर तीनच राहील.

गेल्या दोन वर्षांत गोगलगायीची एकही तक्रार नाही. वळण लागलं म्हणायचं.

४ मार्च, बुधवार. दुपारी १.१५

३.९ प्रसिद्ध केली. कचेरीतूनच, डबा खायच्या सुट्टीत. संगणक विभागात मी एकटाच असल्यामुळे टाळ्या वगैरे नाहीत. हलकं वाटतंय.

डाउनलोड: २८८.

५ मार्च, गुरुवार

गोगलगायीचा मेल. विषय: '३.९ – कृपया लगेच वाचा.'

न वाचता 'सवडीने' नावाच्या फोल्डरमध्ये टाकला. घाबरून नव्हे. लगेच वाचा म्हटलं की लगेच वाचायचं, अशी सवय लागली तर माणूस स्वतःचं काम कधी करणार? त्या फोल्डरमध्ये त्यांचे आणखीही काही मेल दिसले, जुने. सगळेच सवडीने.

रात्री जेवण गेलं नाही. सकाळचं दूध नासकं असावं.

६ मार्च, शुक्रवार. संध्याकाळी

मेल अर्धा वाचला. त्या लिहितात: नव्या कप्प्यामुळे पुढचे सगळे कप्पे एकेक घर सरकले आहेत, पण नंबर तोच असल्यामुळे जुने प्रोग्रॅम निःशंकपणे जुन्याच घरात हात घालतील.

पुढे बरंच काही होतं. चहा आला म्हणून बंद केला.

बायकोने विचारलं, चेहरा असा का? तिला औषधांच्या कपाटाचं उदाहरण दिलं. ती बेटावरच्या दवाखान्यात नर्स आहे, तिला कपाट कळतं. म्हटलं, समज तुमच्या कपाटात पहिला खण तारखेचा, दुसऱ्यात पाणी चढायची वेळ, तिसऱ्यात उतरायची. आता कोणी पहिल्या-दुसऱ्याच्या मधे नवा खण घातला, पूर्ण ओहोटीच्या वेळेचा, तर?

ती म्हणाली, सगळ्यांना सांगावं लागेल. नाहीतर सवयीने दुसरा खण उघडणाऱ्याच्या हाती भलतंच येईल.

म्हटलं, आणि तिसरा उघडला तर?

तिने बोटांवर खण मोजले. म्हणाली, तर उतरायच्या जागी चढायची वेळ मिळेल. मग विचारलं, हे कोणाच्या कपाटात झालंय?

मी म्हटलं, उदाहरण आहे.

७ मार्च, शनिवार

घाबरलेलो नाही. फक्त हिशेबाने पाहतोय. रोज २८८, म्हणजे चार दिवसांत हजाराच्या वर कंप्युटर. त्यांत बंदरं किती? समजा दहात एक. शंभरेक बंदरं. शंभर बंदरांत उतरायच्या जागी चढायची वेळ.

गॅलरीतून जहाजं मोजली. सकाळी सात दिसत होती, दुपारी सहा. सातवं कुठे गेलं? बायको म्हणाली, ते निघून गेलं, तिने जाताना पाहिलं. तिचा शब्द प्रमाण धरला.

बातम्या लावल्या. एका ठिकाणी जहाज रुतलेलं दाखवलं. आवाज मोठा केला. मग कळलं, ते रुतून आठ महिने झालेत.

८ मार्च, रविवार. सकाळी ११

उपाय दोन. एक, ३.९ मागे घ्यायची. पण मागे घेतली की लोक विचारणार, का घेतली. दोन, गुपचूप नवा कप्पा काढून ३.९.१ काढायची. पण एवढ्यात कोणी नव्या कप्प्याला सरावला असेल तर त्याचं बिघडेल. म्हणजे दोन्हीकडून माझ्यावरच. अशा वेळी शहाणा माणूस शांत बसतो.

दुपारी ४. शांत बसलो होतो. दारावरची बेल वाजली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो. इस्त्रीवाला होता. बेलची वायर काढून ठेवली आहे. आवाज फार कर्कश होता.

संकल्प: उद्या कचेरीत मेलचा उरलेला अर्धा भाग वाचणे.

९ मार्च, सोमवार. सकाळी ११.१०, कचेरी

वाचला. शेवटची ओळ: 'तुमच्याकडून थेट लायब्ररी घेणारा एखादा जुना प्रोग्रॅम कुठे चालू आहे का? असेल तर आजच कळवा, माणसांच्या जिवाचा प्रश्न असू शकतो.' आजच म्हणजे गेल्या गुरुवारी.

मी शंभर बंदरं आठवत होतो.

आपला बोर्ड. बेटाच्या रस्त्यावरचा. दोन्ही टोकांचे दोन्ही. तीन वर्षांपूर्वी मीच बसवले, प्रोग्रॅमही मीच बांधला, आणि नवी लाट आली की दर सोमवारी सकाळी सहाला आपोआप घ्यावी ही सोयही मीच करून दिली. नंबर चार केला असता तर ते जुनीच धरून बसले असते. नंबर तीन आहे. आज सोमवार आहे.

बायको फोन उचलत नाही. मेहुणाही नाही.

निघतो

१० मार्च, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आज सगळं क्रमाने.

बेटाचा रस्ता म्हणजे समुद्रातून गेलेला दगडी बांध. ओहोटीला कोरडा, भरतीला डोक्याएवढं पाणी. आपल्या बाजूला फाटक आहे आणि फाटकावर मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. पलीकडे फाटक नाही, माणूस नाही. फक्त बोर्ड. हिरवा म्हणजे जा, लाल म्हणजे थांबा.

सायकलने अकरा चाळीसला पोचलो. बोर्ड हिरवा होता. 'रस्ता खुला.' त्याच्याखाली बांधाच्या दगडांवरून पाणी वाहत होतं.

फाटक मात्र बंद. पुढे दोन गाड्या आणि एक टेम्पो. टेम्पोवाला मेहुण्याच्या अंगावर ओरडत होता की, हिरवा आहे, डोळे फुटले का? मेहुणा स्टुलावर बसून होता. एरवी मी त्याला मनातल्या मनात ओंडका म्हणतो. तो म्हणाला, "बोर्डाचं बोर्डाला विचारा. मला पाणी दिसतंय."

मला पाहून म्हणाला की, भावोजी, तुमचा बोर्ड आज उलटा चाललाय. कोरड्या रस्त्यावर सकाळी आठपासून लाल होता, आत्ता साडेअकराला हिरवा झाला. मी कचेरीत फोन करणार होतो, पण हे लोक सोडतील तर ना.

मी विचारलं, ताई?

त्याने मान वळवून बांधाकडे पाहिलं. त्याच वेळी पलीकडच्या टोकावरून एक स्कूटर निघालेली दिसली. निळी. आमची.

पुढचं मी शक्य तितकं खरं लिहितो. मेहुण्याने स्टूल लाथेने उडवलं, लाल फडकं घेतलं आणि फडकं हलवत, शिटी फुंकत बांधावरून पळत सुटला. पाणी घोट्यापर्यंत होतं, मग गुडघ्यापर्यंत. माझे पाय हलले नाहीत. कोणीतरी फाटक सांभाळणं आवश्यक होतं.

बांधाच्या मध्यावर चार खांबांवर उंच मचाण आहे, अडकलेल्यांसाठी. तिथपर्यंत येता येता स्कूटर बंद पडली. लाटेने ती आडवी झाली. बायको पाण्यात पडली, दिसेनाशी झाली, दिसली. शिडी धरली. वर चढली. थोड्या वेळाने मेहुणाही कमरेएवढ्या पाण्यातून शिडीला पोचला. स्कूटर तोवर दिसत नव्हती.

मग पाच तास. पाणी उतरेपर्यंत दोघं वर, मी खाली. बोर्ड हिरवाच. त्याची किल्ली कचेरीत राहिली होती. मी अंगातला कोट काढून बोर्डावर टाकला. 'रस्ता' झाकलं गेलं, 'खुला' उघडंच राहिलं. कोट वर ओढला तर उलटं. असं पाच तास.

पावणेपाचला दोघं चालत आली. बायको कुडकुडत होती. माझ्यासमोरून सरळ घराकडे गेली. थंडीमुळे असेल.

११ मार्च, बुधवार

बोर्ड बंद केला. गावात एकच विषय. सगळे म्हणतात, वायर गेली. साहेबही म्हणतात वायरच. वायरमनला नोटीस दिली, शुक्रवारपर्यंत खुलासा मागितलाय, नाहीतर कामावरून कमी करणार. मी समोरच उभा होतो. साहेबांनी मला विचारलं, तुमचं काय मत? मी म्हटलं, तपास व्हायला हवा.

हे खोटं नाही. तपास व्हायलाच हवा.

गुरुवारी सांगणार. नक्की.

१२ मार्च, गुरुवार. संध्याकाळी ६

बेल नसल्यामुळे वायरमन दार ठोठावत राहिला. मी आत श्वास रोखून बसलो होतो. शेवटी बायकोने उघडलं.

तो खुलासा टाइप करून घ्यायला आला होता. म्हणाला, तुमची भाषा चांगली, साहेब तुमचं ऐकतात. माझ्या शेजारी खुर्चीच्या टोकावर बसला. मोठा माणूस आहे, हात तारेने चिरलेले. म्हणाला की मी तीनदा सगळी वायर उघडून पाहिली, कुठे जळालेली नाही, सैल नाही. पण इतके जण म्हणतायत तर माझंच काही राहिलं असणार. असं लिहा की, माझ्या हातून नकळत.

मी लिहिलं. 'माझ्या हातून नकळत.' मग पुसलं. मग लिहिलं, 'तांत्रिक कारणाने.' तो म्हणाला, बघा, तुम्हाला बरोबर शब्द सापडतात.

अक्षर मोठं करून दिलं. मार्जिनही. तो हात जोडून गेला.

नंतर थर्मामीटर काढला. ताप नाही, मोजला.

१३ मार्च, शुक्रवार. सकाळी ६.३०

बायकोला सांगितलं. सगळं. कपाट, खण, नंबर तीन, अर्धा वाचलेला मेल. ती शेक घेत होती, तिचा गुडघा अजून सुजलेला आहे. मला वाटलं होतं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

म्हणाली, सोमवारी रात्रपाळी संपवून ती घरी निघाली, पण सकाळी आठपासून लाल होता म्हणून दवाखान्याच्या दारात साडेतीन तास थांबली. रस्ता कोरडा दिसत होता, तरी थांबली. आणि हिरवा झाला म्हणून निघाली, पुढे पाणी दिसत होतं, तरी निघाली. बोर्ड तू बसवलेला, म्हणून.

मग म्हणाली, "मी पाच तास तुझ्याकडे बघत होते. तू बोर्डाकडे बघत होतास."

 

सकाळी ११.३०. साहेबांच्या खोलीबाहेर बाकावर बसलोय. आत वायरमन आहे. उठून जाता येईल. जिना इथेच आहे.

दुपारी २. आत गेलो. वायरमनसमोरच सांगितलं. साहेबांना लायब्ररी कळली नाही, नंबर कळला नाही, कप्पे कळले नाहीत. शेवटी म्हणाले, थोडक्यात वायर नाही ना? मी म्हटलं, वायर नाही. मी.

त्यांनी वायरमनची नोटीस फाडली आणि माझ्या नावाने नवी टाइप करायला सांगितली. टायपिंग माझ्याकडेच असतं. टाइप केली, सहीला ठेवली, मग स्वतःलाच दिली.

वायरमन जिन्यात थांबला होता. वाटलं, धरतो आता गळ्याला. त्याने फक्त पाहिलं आणि म्हणाला की, काल तुम्हाला माहीत होतं. मी हो म्हटलं. तो खाली उतरून गेला.

१४ मार्च, शनिवार

गोगलगायीला मेल लिहिला. चार पानी. नंबर न बदलल्याबद्दल आणि जगभर जो हाहाकार उडाला असेल त्याबद्दल माफी मागितली. सगळ्या बंदरांना तातडीने कळवावं, वाटलं तर माझं नाव जाहीर करावं, असं लिहिलं. इथे काय घडलं तेही लिहिलं, मचाण, स्कूटर, सगळं.

पाठवल्यावर बाथरूममध्ये जाऊन बसलो. आता जग उलटणार. उलटू दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

१६ मार्च, सोमवार. दुपारी

उत्तर आलं. आल्या आल्या वाचलं, पूर्ण.

आधी बायकोची चौकशी आहे. मेहुण्याचं कौतुक आहे. मग असं: जगात कुठेही काही बिघडलेलं नाही, काळजी करू नका. दोन वर्षांपूर्वी, मी पत्रांना उत्तरं देईना म्हणून, त्यांनी लाटेची प्रत काढून दुसऱ्या नावाने ठेवली. नंबर चार. नंतर एकदा मांडणी बदलली तेव्हा पाच. बंदरं, होड्या, सगळे तीच वापरतात. माझी लाट त्यांच्या पॅकेजांतून तेव्हाच काढली. तसं त्यांनी मला तीनदा कळवलं होतं.

'सवडीने' उघडलं. तीन मेल आहेत. पहिल्यात त्यांनी परवानगी मागितली आहे. तिसऱ्यात, माझं नाव मूळ लेखक म्हणून ठेवल्याचं लिहिलं आहे.

रोजच्या डाउनलोडबद्दल मी अभिमानाने लिहिलं होतं. त्यावर त्यांनी फार जपून उत्तर दिलंय. ते त्यांचं तपासणीचं मशीन आहे. मी काही नवीन केलंय का, हे दर पाच मिनिटांनी उतरवून बघतं. ताशी बारा. दिवसाचे २८८.

म्हणजे अख्ख्या जगात माझी लाट वापरणारी एकच जागा होती. आणि त्या रस्त्याने रोज जाणारी माझी बायको.

मी जहाजं मोजत होतो.

१८ मार्च, बुधवार

४.० प्रसिद्ध केली. घोषणेत लिहिलं: मांडणी बदलली होती, नंबर तेव्हाच बदलायला हवा होता, चूक माझी. लिहायला चार मिनिटं लागली. काही कोसळलं नाही. कोणी घेतलीही नाही.

वायरमनने दोन्ही बोर्ड उतरवले. प्रत्येकी चार स्क्रू. मी शिडी धरायला गेलो. त्याने नको म्हटलं नाही. आता पलीकडच्या टोकाला एक माणूस नेमणार आहेत. तोवर पाणी दगडांना लागलं की मेहुणा दवाखान्यात फोन करणार. साहेबांनी मेहुण्याला विचारलं, जमेल ना? तो म्हणाला, पाणी तर रोज बघतोच.

२३ मार्च, सोमवार. सकाळी ८.३०

बायको आजपासून कामावर. स्कूटर नाही, म्हणून चालत. फाटकापर्यंत मी बरोबर गेलो. ती पुढे, मी दोन पावलं मागे. गुडघ्यावर पट्टी आहे.

रात्रीच आकडेमोड करून ठेवली होती. नवी मांडणी, नवा नंबर, दोनदा पडताळून. सात एक्केचाळीसला फाटकाशी पोचलो तेव्हा रस्ता बंद व्हायला तीन तास चार मिनिटं होती. कागद खिशात होता.

तिने भावाला विचारलं, किती वेळ आहे रे? त्याने स्टुलावरून उठून पाण्याकडे पाहिलं. म्हणाला, "तीन तास. आरामात जा, ताई."

ती निघाली. मी खिशात हात घातला होता, तो तसाच ठेवला. तिने मागे वळून मला काही विचारलं असतं तर सांगितलं असतं. ती वळली नाही, रस्त्याकडे बघून चालत होती. निसरडा असतो.

मेहुण्याने स्टुलाची अर्धी जागा करून दिली. बसलो. ती पलीकडे पोचेपर्यंत बघत राहिलो. मग घरी आलो.

चार मिनिटांचं काय करायचं ते कळलं नाही.